विटकरी चौकडीचा शर्ट

वडील हरवले त्या दिवशी त्यांच्या अंगावर माझा शर्ट होता.

माझा म्हणजे खरं तर त्यांचाच. महाप्याला इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत मला पहिली नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी आईला साडी आणि आबांना शर्ट आणला होता. विटकरी-पांढऱ्या चौकडीचा, जाड सुती, पूर्ण बाह्यांचा. आबा तेव्हा कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. शर्ट हातात घेऊन त्यांनी बोटांनी कापड चोळून बघितलं आणि घडी न मोडता म्हणाले, "एवढा भारी शर्ट घालून मी काय वझी उचलू व्हय? ठिव कपाटात. लग्नाकार्याला हुईल."

लग्नकार्यं आली नि गेली. माझं स्वतःचं लग्नसुद्धा झालं, तरी शर्ट टाचण्यांसकट कपाटातच होता. कंपनीच्या बसमधला एसी मला सोसेना म्हणून एकदा माहेरी आलेली असताना मी तो उचलला आणि कुडत्यावर चढवला. तेव्हापासून तो माझा झाला. पोटुशी असताना शेवटचे दोन महिने दुसरं काही अंगाला होत नव्हतं, तेव्हा तोच घालायचे. कॉलर विरली तेव्हा शिंप्याकडून उलटून घेतली. उजव्या कोपराला भोक पडलं, तर आईनं आतून तुकडा लावून दिला. डब्यात दुसरा दोरा नव्हता म्हणून हिरव्या दोऱ्यानं शिवला, आणि म्हणाली, "आतनं कोण बघतंय." चार वर्षांपूर्वी आई गेली. तिचे टाके अजून घट्ट आहेत. कापड इतकं मऊ झालंय की धुऊन वाळत घातला तर पलीकडचा उजेड दिसतो. ऑफिसला तो आता घालता येत नाही, पण घरून काम असलं की सकाळी अंघोळ झाल्यावर मी तो अंगावर घेते. नवरा म्हणतो, हिचा युनिफॉर्म.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे कोपरखैरण्याला राहायला आले. सुरुवातीला बरे होते. सकाळी बागेत जायचे, पेपर वाचायचे. मग हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग माझ्या लेकीचं नाव. तिला ते "ए पोरी" म्हणून हाक मारायला लागले, तीही ओ द्यायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं की यांना एकट्यानं बाहेर सोडू नका. आम्ही दाराला वरच्या बाजूला एक जादा कडी बसवून घेतली. वर हात करून कडी काढणं आबांना सुचायचं नाही. खालची कडी तेवढी ते काढायचे.

तो गुरुवार होता. ऑक्टोबरचं ऊन सकाळी नऊलाच भिंतीवर तापत होतं. नवरा पहाटेच जासईला गेला होता. तिथल्या एका कंटेनर यार्डात तो गेटवर तपासणीचं काम करतो. लेकीची सहामाही परीक्षा चालू होती आणि त्या दिवशी पेपर नव्हता म्हणून ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. माझी साडेनऊला मीटिंग होती, आमच्या डिपार्टमेंटमधून कुणाला कमी करायचं याची. त्या यादीत माझं नाव असू शकतं असं मला ऑफिसमधल्या एकीनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. अंघोळ करून आले, कपाट उघडलं, तर शर्ट नाही.

बाहेर आले तर आबा तो घालून आरशासमोर उभे. एक गुंडी चुकवून लावलेली, त्यामुळे एक बाजू वर चढलेली.

"आबा, तो माझा शर्ट आहे. काढा बरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा कसा? तूच आणलायस न्हवं मला?"

आता हे त्यांना आठवावं, नातीचं नाव न आठवणाऱ्या माणसाला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिथंच खाली बसले असते, त्यांना विचारलं असतं की अजून काय काय आठवतंय. पण लॅपटॉपवर मीटिंगची घंटी वाजायला लागली होती. मी म्हणाले, "आणला तेव्हा घातला नाहीत ना? वीस वर्षं मी वापरतेय. आता काढा तो, मला हवाय." माझा आवाज चढला होता. ते गडबडून गुंड्यांशी झटायला लागले. एक गुंडी सुटेना. मी म्हणाले, "जाऊ दे, राहू द्या. घाला तुम्हीच." आणि खोलीत जाऊन दार लावून कानाला हेडफोन लावला.

मीटिंग पाऊण तास चालली. माझं नाव यादीत नव्हतं. मी हेडफोन काढला, मोठा श्वास घेतला आणि आबांना चहा विचारायला बाहेर आले. घराचं दार सताड उघडं होतं.

जिन्यावरून धावत खाली गेले. सोसायटीचा वॉचमन नवा होता, आठवडाच झाला होता त्याला लागून. तो म्हणाला, "आजोबा ना? अर्धा तास झाला. मी विचारलं कुठं निघाले, तर बोलले कामाला चाललोय. मी नमस्कार केला." त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी गेटच्या बाहेर जाऊन दोन्हीकडे बघितलं. रिक्षा, शाळेच्या बस, भाजीची गाडी. विटकरी रंग कुठंच नव्हता.

बाग, मारुतीचं देऊळ, दवाखाना, पेन्शनची बँक, त्यांच्या पायाखालच्या सगळ्या जागा मी स्कूटरवरून पालथ्या घातल्या. मध्ये नवऱ्याला फोन केला. तो एरवी घरात आमच्यासारखंच बोलतो, पण घाबरला की त्याच्या गावची बोली वर येते. "कधीपासून नाय? पानी तरी पिलं होतं का त्यांनी?" म्हणाला. मग म्हणाला, "तू चौकीला जा. मी निगलो. काय होनार नाय त्यांना." पण जासईपासून रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांनी तुंबलेला होता. तो दुपारपर्यंत त्या रांगेतून मला फोन करत राहिला.

पोलीस चौकीत हवालदारांनी वही ओढली. नाव, वय, उंची, कुठला आजार. मग विचारलं, "अंगावर काय होतं?"

मी सांगायला लागले. विटकरी-पांढरी चौकडी. डाव्या खिशाला निळ्या शाईचा डाग, अंगठ्याएवढा. वरून दुसरी गुंडी वेगळी, मोठी पांढरी, माझ्या लेकीच्या शाळेच्या शर्टाची. उजव्या कोपराला आतून तुकडा, हिरव्या दोऱ्याचा. कॉलर उलटलेली. डाव्या बाहीचा कफ उसवलेला. एक गुंडी चुकवून लावलेली.

हवालदार लिहिता लिहिता थांबले. "ताई, पँट कुठली होती?"

मला सांगता येईना. करडी असेल, खाकी असेल. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, फक्त शर्टाकडे बघितलं होतं. हे माझ्या तिथं, त्या वहीसमोर लक्षात आलं. हवालदारांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "होतं असं. फोटो द्या, सगळीकडे पाठवतो."

आबांचा फोटो होता, पण त्या शर्टातला नव्हता. त्या शर्टातले सगळे फोटो माझे. घरी फोन केला तर लेकीनं माझा एक सहलीतला फोटो काढून माझं डोकं कापलं, शेजारी आबांचा पासपोर्टचा फोटो जोडला, खाली आमचे नंबर टाकले आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला. तिथून तो कुठं कुठं गेला देव जाणे. पाच मिनिटांत फोन सुरू झाले. घणसोलीला एका बाईनं चौकडीचा शर्ट बघितला होता. मी गेले, तर तो एक चाळिशीतला माणूस होता, बायकोबरोबर गॅसची शेगडी घेऊन चाललेला. ऐरोलीला कुणीतरी म्हातारा रस्ता विचारत होता. तो दुसराच म्हातारा होता, त्याला आपलं घर नीट माहीत होतं, फक्त दुकान सापडत नव्हतं. प्रत्येक फोनला वाटायचं हेच असतील, आणि प्रत्येक वेळी परतताना ऊन जास्त चढलेलं असायचं.

मग माझ्या मनात आलं, गाव. गेले काही महिने आबा सारखे म्हणायचे, "गावाला जायचं हाय, पिशवी भर." साताऱ्याकडच्या एसट्या सानपाड्याला हायवेवर थांबतात. मी तिकडे गेले. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना फोटो दाखवला. एका कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, "सकाळपास्नं तीन गाड्या गेल्या ताई, एका म्हाताऱ्यावर कोण ध्यान ठेवणार." तरी त्यानं पुढच्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावून विचारलं. नव्हते.

हायवेच्या पुलाखाली मी स्कूटर उभी केली आणि लेकीला फोन केला, कुणाचा काही निरोप आलाय का विचारायला. तिनं कुणाचाच आला नाही म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "आई, वरची कडी मी लावली नव्हती. तू मीटिंगला बसल्यावर कचरेवाला आला, मी डबा दिला आणि खालचीच लावली. माझं लक्ष पुस्तकात होतं."

"तुझी चूक नाही," मी म्हणाले.

"माझीच आहे. आणि तू आबांवर ओरडत होतीस तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. मी ऐकत होते सगळं."

मला वाटलं होतं ते बोलणं फक्त मी आणि आबांनीच ऐकलंय, आणि ते तर विसरलेही असतील. पुलाखाली ट्रकांचा आवाज घुमत होता. मी म्हणाले, "मी परत येते तोवर फोनजवळ बस. जेवून घे."

एवढ्यात मध्येच दुसरा फोन यायला लागला. अनोळखी नंबर. एक ट्रक ड्रायव्हर होता, हिंदीत बोलत होता. तुर्भ्याला, मार्केटच्या मागं ट्रक उभे राहतात तिथं नाल्याच्या कठड्याला एक शर्ट टांगलाय, म्हणाला, फोटोतल्यासारखा वाटतो. माणूस नाहीये. फोटो पाठवू का?

फोटो आला. गंजलेला लोखंडी कठडा, त्याच्या टोकाला अडकवलेला शर्ट, आणि खाली जोडीनं ठेवलेल्या दोन चपला. मी फोटो मोठा केला. शर्ट उलटा होता, शिवणी बाहेर. उजव्या बाहीच्या कोपराला हिरव्या दोऱ्याचा चौकोन होता.

सानपाड्याहून तिथवर मी कशी गेले मला आठवत नाही. सिग्नल लागले असतील, मी थांबले असेन. एवढंच आठवतं की मी मोठ्यानं बोलत होते, "घाला तुम्हीच, घाला तुम्हीच," आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत होता.

ड्रायव्हर कठड्याजवळ थांबला होता. त्यानं शर्टाला हात लावला नव्हता. नाल्यात काळं पाणी, प्लॅस्टिक, सडका कांदा. आणखी दोन-तीन माणसं जमली होती, एक जण लांब बांबूनं पाणी ढवळत होता. बांबू कशाला तरी अडकला की सगळे पुढे वाकायचे. एकदा गोणी निघाली, एकदा फाटकी ताडपत्री. ताडपत्री वर आली तेव्हा मी कठड्याला धरून खाली बसले. कुणीतरी म्हणालं, "फायर ब्रिगेडला कळवा." दुसरा म्हणाला, "पोलिसांना आधी."

ड्रायव्हरनं पाठवलेला फोटो मी नवऱ्यालाही पाठवला होता. तेवढ्यात तो आला. गाडी रस्त्यात तशीच सोडून तो धावत आला, शर्ट बघितला, चपला बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. तो खाडीकाठच्या गावातला, लहानपणापासून भरती-ओहोटीवर वाढलेला. त्यानं नाल्याच्या भिंतीवरची ओली रेघ बघितली आणि म्हणाला, "ओहोटी हाय. सकाळपासून पानी उतरतंय. गुडघाभर पन नसेल." बांबूवाला म्हणाला, "साहेब, गाळ आहे खाली." नवऱ्यानं बूट काढले, पँट वर केली आणि कठडा ओलांडून खाली उतरला.

तो त्या काळ्या चिखलातून चालत गेला. पायानं चाचपत, हळूहळू, नाल्यावरच्या पुलाच्या खालच्या अंधारापर्यंत, आणि मग तिथून आत. दिसेनासा झाला. मी शर्ट काढून मांडीवर घेतला होता. कोरडा होता. उन्हानं गरम झालेला. मी खिसा चाचपला, रिकामा. काहीतरी करायचं म्हणून तो सुलटा करायला घेतला, एक बाही बाहेर काढली आणि हात थांबले.

शर्ट असा उलटा करायला वेळ लागतो. ज्याला जीव द्यायचाय, किंवा जो भ्रमिष्टासारखा कपडे काढून टाकतोय, तो बाह्याही उलटवून, कॉलर नीट अडकवून कशाला ठेवेल. असा उलटा शर्ट मी कितीतरी वेळा बघितला होता. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी आई मला डबा घेऊन मार्केटला पाठवायची. गाळ्याच्या बाहेर तारेवर ओळीनं शर्ट असायचे, सगळे उलटे. कांद्याचा पाचोळा आणि धूळ आतल्या अंगाला बसू दे, बाहेरनं शर्ट स्वच्छ राहिला पाहिजे, संध्याकाळी माणसांत जायचंय, असं आबा सांगायचे. शर्ट टांगायचा, चपला काढून ठेवायच्या, कारण चप्पल घालून गोणीखाली पाय ठरत नाही, आणि बनियनवर कामाला लागायचं.

कामाला चाललोय, असं ते वॉचमनला म्हणाले होते.

मी उठले. पुलाच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडले, "वर ये. ते इथं नाहीत. मार्केटमध्ये आहेत." आतून त्याचा आवाज आला, काय म्हणाला कळलं नाही. मी थांबले नाही. एका हातात शर्ट, एका हातात चपला घेऊन मागच्या गेटमधून आत पळाले.

कांदा-बटाटा मार्केट दुपारी तीनला वेगळंच असतं. लिलाव आटपलेले असतात, माल भरणं चालू असतं. लांब लांब गाळे, पायाखाली पाचोळा, डोळ्यांत झोंबणारा वास. मी प्रत्येक गाळ्यात डोकावून विचारत होते, "एक म्हातारे बघितले का, बनियनवरचे?" तिथं बनियनवरची माणसंच होती सगळी. कुणी मान हलवायचं, कुणी "पुढं बघा" म्हणायचं. मी तेव्हाही पूर्ण खात्रीनं चालत नव्हते. मनात एकसारखं येत होतं, आले असतील, पण पुढं गेले असतील. आले असतील, पण ट्रकखाली. मागं गाड्या रिव्हर्स घेत होत्या आणि प्रत्येक हॉर्नला मी दचकत होते.

चौथ्या रांगेत, एका गाळ्याच्या तोंडाशी माणसांची ओळ लागली होती. आतल्या थप्पीवरून गोणी घ्यायची, पाठीवर टाकायची, पन्नास पावलांवरच्या ट्रकमध्ये टाकायची आणि परत ओळीत यायचं. त्या ओळीत, दोन धडधाकट गड्यांच्या मध्ये, आबा होते. डोक्यावर घडी घातलेलं फडकं. अनवाणी. पाठीवर रिकाम्या गोण्यांची घडी. चेहरा लाल झालेला आणि ओठ सुकलेले, पण पाऊल बरोबर पडत होतं, पुढच्या माणसाच्या पावलाला जुळवून.

मी "आबा" म्हणून पुढे झाले, तर एका माणसानं हात आडवा केला. तो टोळीचा मुकादम होता. पाटणकडचा, बोलण्यावरून कळलं.

"तुमचे वडील का? दोन तास झालं, ताई. आले आनि सरळ लायनीत हुबं ऱ्हायले. बसा म्हनलं तर ऐकनात, बाजूला काढलं तर परत हुबं. पन्नास किलोची गोनी उचलाय निघाले, तवा मग रिकामी गोनी दिली पाठीवर. म्हनलं फिरू द्या, फिरतायत तवर नजरंसमोर तरी हायत. घरचा नंबर इचारला, सांगता येईना. पानी पाजलंय दोनदा."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आबांची खेप ट्रकपाशी पोचली. वर उभ्या असलेल्या माणसानं त्यांच्या पाठीवरून त्या रिकाम्या गोण्या दोन्ही हातांनी उचलल्या, जड असाव्यात तशा, आणि "आली" म्हणून ओरडला. आबा वळले आणि त्यांनी मला बघितलं. ओळखलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तू हितं कशाला आलीस? गाड्या वळतायत, दिसत न्हाय? घरी जा."

"तुम्हाला न्यायला आलेय, आबा."

"काम ऱ्हायलंय अजून." त्यांनी ओळीकडे बघितलं. "दोन खेपा हायत."

मी मुकादमाकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "हू द्या. मधनंच न्हेलं तर वाटंत तरास देतील." मी त्यांच्या पायांकडे बघितलं. टाचा सोलवटल्या होत्या, तापलेल्या डांबरावरून चालून तळवे भाजले होते. तरी मी थांबले. गाळ्याच्या खांबाला टेकून दोन खेपा बघितल्या. प्रत्येक पाऊल मोजलं. दुसऱ्या खेपेला ट्रकजवळ ते अडखळले, मागच्या गड्यानं कोपराला धरून सावरलं आणि काही झालं नाही असं दाखवून पुढे गेला. नवरा तोवर आला होता, मांडीपर्यंत काळ्या चिखलानं भरलेला.

खेपा संपल्यावर मुकादम म्हणाला, "झालं, आजा. सुट्टी." आबांनी डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि हात पुढे केला. मी शर्ट दिला. त्यांनी तो सुलटा केला, झटकला, घातला. या वेळी गुंड्या बरोबर लावल्या.

तिथून सरळ दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, सलाईन लावलं. पायाला मलम, पट्ट्या. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा लेक दारात उभी होती. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी तिला विचारलं, "ए पोरी, जेवलीस का?" ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना काहीच आठवत नव्हतं. पाय का दुखतायत, असं विचारत होते. पुढचे काही दिवस मी रोज सकाळी तो शर्ट त्यांच्या पलंगावर काढून ठेवायचे. ते तो बाजूला सरकवून त्यांचा पांढरा सदरा घालायचे. "कुणाचा हाय ह्यो?" असं एकदा विचारलं. मी म्हणाले, "तुमचाच." ते म्हणाले, "माझा न्हाय." आठवडाभरानं मी नाद सोडला. आता तो माझ्या कपाटात आहे, मी घालते.

मला वाटलं होतं की तो दिवस संपला की धाकधूक संपेल. तसं झालं नाही. आता दाराला तिसरी कडी आहे, त्यांच्या गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला आहे, आणि मी मीटिंगमध्ये एकच कान हेडफोनला देते. दीर म्हणाला, कुठल्यातरी केअर सेंटरमध्ये ठेवा. नवऱ्यानं त्यावरून त्याच्याशी भांडण केलं आणि मग घरी येऊन मलाच विचारलं, "ठेवायचं का?" आम्ही ठरवलं नाही. अजून ठरवलेलं नाही.

मुकादमाचा नंबर मी घेऊन ठेवला होता. महिन्याभरानं त्याचाच फोन आला. म्हणाला, "शनिवारी दुपारी माल कमी असतो. घिऊन या, दोन तास फिरतील आमच्यासंगं." मी पहिल्यांदा नको म्हणाले. मग नेलं. आबा गाडीतून उतरले, गाळे बघितले आणि नीट चालत ओळीत जाऊन उभे राहिले. या वेळी मी चपला काढू दिल्या नाहीत. अर्धा तास फिरले, टोळीबरोबर चहा प्यायले, घरी येऊन पोटभर जेवले आणि शांत झोपले. त्यानंतर चार-पाच शनिवार आम्ही जात होतो. मी खांबाला टेकून उभी राहायचे. ते ट्रकाच्या पलीकडे गेले की जीव वर यायचा, परत दिसले की खाली बसायचा.

गेल्या शनिवारी ते गेटपाशीच थांबले. बराच वेळ आत बघत राहिले. ओळ लागलेली होती, मुकादमानं लांबून हात केला. आबांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं अजून चांगली मजबूत आहेत.

"हितं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"मार्केट, आबा. तुमचं."

"लय गर्दी हाय," ते म्हणाले. "चल घरी."

मी मुकादमाला हातानंच नाही म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि ओळीकडे वळला. आम्ही दोघं सावलीच्या बाजूनं हळूहळू गाडीपर्यंत चालत गेलो. सगळ्या वाटेत त्यांनी माझा दंड सोडला नाही.